आत राहिलेली किल्ली

तुमच्या घराची किल्ली या क्षणी नेमकी कुठे आहे, सांगता येईल? बघा, लागलात ना खिसे चाचपायला! अडल्याशिवाय आमची आठवण कोणाला होत नाही. मी अशीच एक किल्ली बोलतेय. परदेशातल्या एका विद्यापीठाजवळ विद्यार्थ्यांच्या खोल्यांची जुनी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीची.

माझा जन्म एका किल्लीवाल्याच्या यंत्रावर झाला. तोंडात दात घेऊन जन्मलेलं मूल लोकांना अवलक्षणी वाटतं म्हणे. पण किल्लीला दात नसतील तर तिला कोण विचारतो?

माझा पहिला मालक मोठा धांदरट. मला टेबलावर फेकायचा, कधी चहात पाडायचा. पण त्याच्याकडे माणसांची सारखी ये-जा असे, त्यामुळे मलाही करमायचं. शिक्षण संपवून तो गेला आणि मी आपल्याकडून तिथे शिकायला आलेल्या एका पोरीच्या हातात आले.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मला कुलपात उलटीच घालत होती. बिचारीने आयुष्यात कधी घराची किल्ली वापरलीच नव्हती. तिच्या घरचं दार सकाळी उघडायचं ते निजायच्या वेळीच लागायचं. आई नसली तर काकू, काकू नसली तर चुलत भावंडं. घरात कोणी ना कोणी असायचंच. निघताना बाबांनी बॅग कशी भरायची, कागद कुठे जपायचे, सगळं शिकवलं. काकूने बजावलं, "अनोळखी माणसाने दिलेलं काही खाऊ नकोस हं." इथे तिला कोणी काही देतच नाही, तेव्हा काकूचा शब्द आपोआप पाळला गेला. पण इकडची दारं ओढली की आपोआप कुलूपबंद होतात, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

मला ती दारामागच्या खिळ्याला अडकवायची. बाहेर पडताना रिकाम्या खोलीला "येते हं" म्हणायची. उत्तर द्यायला खोलीत मीच होते आणि मला आवाज नाही.

सुरुवातीला ती उत्साहात होती. मग हळूहळू विझत गेली. वर्गात गट पाडायचे म्हटलं की सगळे आपापल्या माणसांकडे सरकत आणि ती मधोमध उभी राही. शिक्षिका तिला कुठल्यातरी गटात बसवत. तिथली मुलं वाईट नव्हती. फक्त भरभर बोलत. ही वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. दुपारी ती जिन्यात बसून डबा खायची. कोणाची चाहूल लागली की फोन कानाला लावायची. मी तिच्या खिशात असायचे, म्हणून मला माहीत. त्या फोनवर पलीकडे कोणी नसायचं.

संध्याकाळी मात्र खरा फोन यायचा. आई विचारायची, "बरी आहेस ना, बाळा?" ही म्हणायची, "हो गं, मस्त आहे."

एकदा तिच्या मनाने घेतलं की पुरे झालं, आज सांगून टाकायचंच. आरशापुढे उभी राहून ती घोकत होती, "आई, मला इथे जमत नाहीये. मला परत यायचंय." पहिल्यांदा हुंदका आला. पुन्हा म्हणून पाहिलं. शेवटी आवाज न कापता वाक्य पुरं झालं. फोनला अजून अवकाश होता. तेवढ्यात कचरा टाकून येऊ म्हणून तिने पिशवी उचलली, ती अनवाणीच बाहेर पडली आणि तिने सवयीने मागे दार ओढलं.

खट्!

मी खिळ्यावर आणि फोन उशीजवळ.

ती परतली तेव्हा दार हलेना. आधी मूठ फिरवून पाहिली, मग खांदा लावला. मग ती पळत खाली गेली. इमारतीचा रखवालदार जागेवर नसावा. पुन्हा वर आली. शेजारच्या खोलीत हसणं-खिदळणं चाललं होतं. तिची पावलं त्या दाराशी थांबली. मी वाट पाहत राहिले, पण टकटक काही ऐकू आली नाही. घरी असताना 'काकू, आहात का?' म्हणत थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरणारी ती! पण इथे ज्यांचं नावही ठाऊक नाही, त्यांना काय सांगायचं?

मग उशीजवळचा फोन वाजू लागला. दारापलीकडून ती म्हणाली, "आई!" फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. ती दाराला पाठ टेकून खाली बसली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी तिच्या काडीच्या उपयोगाची नव्हते.

अखेर फेरीवर निघालेला रखवालदार आला. "किल्ली आत ना? सगळ्यांचं एकदा होतंच," असं म्हणत त्याने आपल्या जुडग्यातल्या किल्लीने दार उघडलं. तिने धावत जाऊन फोन लावला.

"अगं, होतीस कुठे? जीव टांगणीला लागला माझा!" आईचा आवाज फुटत होता. "बाबा तर येरझाऱ्या घालतायत. काकूने देव पाण्यात ठेवले!"

पोरीने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. पण आईचा तो फुटलेला आवाज ऐकला आणि ती म्हणाली, "मैत्रिणींकडे गेले होते गं. फोन खोलीतच राहिला."

"मैत्रिणी?" आईचा सूर पालटला. "अहो, ऐकलंत का? मैत्रिणी झाल्यात तिला! मी म्हणत नव्हते, रुळेल म्हणून? आता माझी काळजी मिटली बघ."

"हो," ती म्हणाली. आता परत यायचं कोणत्या तोंडाने बोलणार?

तुमची लेक दूर देशी असेल, तर माझी एक विनवणी आहे. 'बरी आहेस ना?' असं विचारू नका हो. त्याचं उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घालता. 'आज कोणाबरोबर जेवलीस?' असं विचारा, आणि ती गप्प राहिली, तर तुम्हीही थोडं गप्प राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं आणि ती वर्गाला गेली. वाटेत तिच्याशी कोणी बोललं नाही.