सात जण बसतील अशी मी

मी गाडी बोलतेय. गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी येते, म्हणजे लांबसडक, चकचकीत, सिग्नलला शेजारच्याची मान वळवायला लावणारी, ती मी नव्हे. मी पावाच्या लादीसारखी दिसते. पुढून बोथट, मागून सपाट, मधे नुसतं पोट. त्या पोटात सात माणसं आरामात बसतात आणि रागात असली तरीही बसतात, हे मी स्वानुभवाने सांगते.

कारखान्यात मला लोखंडी हातांनी जोडलं. माणसाचा हात लागला तो अगदी शेवटी. एका कामगाराने माझी काच फडक्याने पुसली, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, संसार कर." मी ते फारच मनावर घेतलं. आता आपल्यात आजीआजोबा बसतील, पोरं खिडकीसाठी भांडतील, अशी स्वप्नं बघत मी बाहेर पडले.

मला विकत घेतलं कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या एका बाईंनी.

बाई स्वभावाने चांगल्या होत्या. पण घरी नेल्या नेल्या त्यांनी माझ्या मागच्या सगळ्या सीटा काढून कोपऱ्यात रचून ठेवल्या आणि त्या जागी एक टब बसवला. मग दारोदार फिरायचं, कुत्र्याला आत घ्यायचं, साबण लावायचा. कुत्रा अंग झाडायचा आणि अर्धी आंघोळ माझी व्हायची. खिडकीसाठी भांडणं झाली, नाही असं नाही. पण ती भुंकून झाली. पुढे बाईंचे गुडघे दुखायला लागले. त्यांनी टब काढला, सीटा पुन्हा जोडल्या आणि डोळे पुसत मला जुन्या गाड्यांच्या बाजारात सोडलं.

बाजाराचा मालक बोलायला इतका गोड होता की मी मनातल्या मनात त्याला गुळव्या म्हणायची. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि पुढच्या लाल गाडीकडे जायचं. माझ्या काचेवर इतकी धूळ बसली की येणारीजाणारी पोरं तिच्यावर बोटाने चित्रं काढायची.

आणि मग एका सकाळी ते आले. सातही जण.

सगळ्यांच्या पुढे एक आजी, हातात पर्स अशी धरलेली की जणू आत्ता कोणाला तरी मारणार आहेत. मागे त्यांचे दोन मुलगे. थोरल्याचं चष्म्याचं दुकान. स्वभाव इतका सावध की रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवून माफी मागणारा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, सदा हसतमुख, कुठल्याही अवघड प्रश्नावर "बघू की" म्हणणारा. थोरली सून शाळेत मुख्याध्यापिका, धाकटी शिवणकाम करणारी. थोरल्यांची एक मोठी मुलगी, कानात कायम गाणी. धाकट्यांची एक टिल्ली, तोंडात कायम प्रश्न.

"काय हवंय साहेब?" गुळव्या म्हणाला.

"सगळ्यांना एकत्र प्रवास करता येईल अशी गाडी," थोरला म्हणाला.

"एकत्र," आजींनी तो शब्द पुन्हा उच्चारला, आणि दोन्ही मुलगे जमिनीकडे बघायला लागले.

भानगड काय ते मला लवकरच कळलं, कारण ती मंडळी माझ्या बोनेटला टेकूनच भांडायला लागली. गेल्या सुट्टीत हे सगळे दोन गाड्या करून गेले होते. वाटेत पेट्रोल पंपावर थांबले. आजी बाथरूमला गेल्या. थोरल्याला वाटलं आई धाकट्याच्या गाडीत बसली, धाकट्याला वाटलं थोरल्याच्या. दोन्ही गाड्या निघून गेल्या. पुढच्या गावात जेवायला थांबल्यावर दोघांनी एकमेकांना विचारलं, "आई कुठाय?"

आई पंपावर होत्या. टायरमध्ये हवा भरणाऱ्याने त्यांना खुर्ची दिली होती, चहा पाजला होता.

"मी आरशात बघितलं होतं," धाकटा म्हणाला. "दादाच्या गाडीत मागे कोणीतरी दिसलं."

"ती उशी होती," थोरली म्हणाली.

"वहिनी, तुम्ही शाळेत रोज हजेरी घेता ना?"

"शाळेतली मुलं सांगून जातात बाथरूमला!"

"मी सांगून गेले होते," आजी म्हणाल्या. "कोणाचं लक्ष होतं? आता माझं ऐका. सगळे एका गाडीत मावणार असतील तरच मी उंबरठा ओलांडीन. नाहीतर फिरायला जा तुम्ही, आणि उशी न्या."

एवढं झाल्यावर निवड सुरू झाली. थोरल्याने माझ्या टायरांवर लाथा मारल्या. का मारतात कोण जाणे. गाडी घ्यायला येणारा प्रत्येक पुरुष मारतो आणि लाथ मारून झाल्यावर काहीतरी समजल्यासारखी मान हलवतो. धाकटा खाली वाकून माझं पोट बघून आला. थोरलीने डिकीत किती बॅगा बसतील ते हातांनी हवेत मांडून पाहिलं. धाकटीला गाडी लागायची, म्हणून ती प्रत्येक सीटवर बसून डोळे मिटून नुसता विचार करत होती, की इथे उलटी होईल का.

"एका प्राध्यापकांची गाडी आहे," गुळव्या सांगत होता. "फक्त कॉलेज आणि घर. अगदी जपून वापरलेली."

टिल्ली सीटच्या फटीतून काहीतरी ओढत होती. पांढऱ्या केसांचा हा एवढा पुंजका बाहेर आला.

"प्राध्यापक फार केसाळ होते का हो?" तिने विचारलं.

गुळव्याने लगेच सगळ्यांना शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे नेलं. ती माझ्याहून नवी, माझ्याहून उंच. तिच्या प्रत्येक सीटच्या पाठीला एकेक टीव्ही. पोरं हरखली. धाकटीला तर वाटलं, पडद्याकडे बघत बसलं की मळमळणारच नाही. सगळे तिच्यात बसून एक फेरी मारायला गेले आणि मी धुळीत उभी राहून स्वतःची समजूत घालत बसले. तिच्यापुढे माझा काय निभाव लागणार?

फेरी मारून आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे खुलले होते. आजी सोडून.

"काय झालं आई?" थोरल्याने विचारलं. "सीट टोचली का?"

"सीट छान आहे. मी तीनदा विचारलं, 'खिडकी लावू का?' एकानेही उत्तर दिलं नाही. सगळे आपापल्या टीव्हीत. पंपावर निदान तो हवावाला बोलत तरी होता."

त्या तरातरा माझ्याकडे आल्या. समजूत घालायला धाकटा मागोमाग आला आणि मागच्या बाकावर बसला, त्या मधल्या खुर्चीत बसल्या. बसताना त्यांचा हात खालच्या दांड्याला लागला आणि खुर्ची गर्रकन मागे वळली. माझ्या मधल्या दोन्ही खुर्च्या वळतात. कुत्रेवाल्या बाईंना त्याचा कधी उपयोग झाला नाही, गुळव्याला तर माहीतच नव्हतं. आजी एकदम मागच्या बाकावर बसलेल्या धाकट्याच्या समोरासमोर आल्या.

"हं," त्याच्याकडे रोखून बघत त्या म्हणाल्या. "हे बरंय. भांडायचं तर समोर तोंड हवं. पाठीला उद्देशून काय बोलायचं?"

"बघू की," धाकटा म्हणाला.

"बघितलं. हीच."

अशी मी संसाराला लागले. मला आंघोळ घातली, या वेळी फक्त मला.

पहिलाच प्रवास समुद्राचा ठरला. आता सहलीला निघणारं कुटुंब तुम्ही बाहेरून बघता. मी आतून बघते. 'लवकर निघू' असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा माणूस सगळ्यांत शेवटी बसतो. पाण्याची बाटली कायम कोणाच्या तरी पायाखाली असते. आणि निघाल्यावर पहिल्याच वळणावर एक बाई "गॅस बंद केला ना?" असं विचारते, आणि गाडी मागे वळते. गॅस बंदच असतो.

रस्ता दाखवायला धाकट्याने आपला फोन मला जोडला होता. थोरला चालवत होता, शेजारी धाकटी, मांडीवर पिशवी. आजी मधे, उलट्या वळून, त्यांच्या बाजूच्या खुर्चीत थोरली. समोर धाकटा, टिल्ली आणि मोठी नात. मोठीच्या कानातली गाणी आजींनी काढायला लावली होती आणि चढ लागेपर्यंत ती पोरगी स्वतःच शाळेतल्या गमती सांगायला लागली होती. मला वाटलं, यापेक्षा सुख ते काय असतं!

चढ खडा होता. मी धापा टाकत होते. तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि थोरल्याने सवयीने हॉर्न दाबायला अंगठा नेला. पण अंगठा पडला भलत्याच बटणावर. त्याच क्षणी धाकट्याचा फोन वाजत होता. तो मी उचलला. माझा काय दोष? बटण दाबलं की उचलायचा, एवढंच मला शिकवलंय. एका बाईंचा आवाज माझ्या सगळ्या स्पीकरमधून घुमला.

"साहेब, कंपनीच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या बदलीच्या शहरात घर मिळालंय हं! कायमचंच जायचं म्हणालात, म्हणून मोठं बघितलं. मुलीच्या शाळेचंही झालं. सामान कधी हलवताय?"

बाई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. थोरल्याचा पाय कुठे गेला कोण जाणे, मी गचके खात थांबले. बोनेटमधून वाफ निघाली. इंजिन तापलं होतं खरं, पण त्या घडीला मला तर लाजच वाटत होती.

थोरल्याने मला कडेला घेतलं. आता मी गार होईपर्यंत कोणाला कुठे जाता येणार नव्हतं.

"कधी ठरलं?" मान न वळवता थोरल्याने विचारलं.

"झाले बरेच दिवस. दादा, मी सांगणारच होतो. समुद्रावर गेल्यावर, सगळे खुशीत असताना."

"म्हणजे खुशीचा सत्यानाश तिथे नेऊन करायचा होता," थोरली म्हणाली. पण तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता.

"मी रोज म्हणत होते, सांगून टाका," धाकटी पुढे बघत पुटपुटली. तिला मळमळत नव्हतं. ती रडत होती.

आजींनी खाली हात घातला, दांडा ओढला, आणि आपली खुर्ची सावकाश फिरवून धाकट्याकडे पाठ केली. समोर तोंड हवं म्हणणाऱ्या आजींनी! धाकट्याचा हसरा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पडलेला पाहिला.

मग टिल्ली उठली, सीटांवरून चढत पुढे गेली आणि आजींच्या मांडीवर बसली.

"आजी, तिकडे तू नाहीस. मग माझी वेणी कोण घालणार?"

आजींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग खुर्ची पुन्हा वळली.

"नव्या घराला लिफ्ट आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे, आई."

"बिघडली तर सगळी बिल्डिंग तुझ्याच दारात येईल. रविवारीसुद्धा."

"येऊ दे. तू येशील का?"

"पोरीची वेणी घालायला कोणीतरी हवं ना? वर्षातून एकदा येईन. पण सांगायला हवं होतंस रे. आईला काय असं मशीनमधून कळायचं?"

धाकटा उठायला गेला, छताला डोकं आपटलं आणि तसाच वाकून त्याने आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. थोरला खाली उतरला. मला पाणी पाजायच्या निमित्ताने तो बोनेटमागे बराच वेळ चष्मा पुसत होता. चष्मेवाल्याला इतका वेळ लागत नाही.

समुद्र त्यांनी पाहिला. मी लांबूनच. संध्याकाळी दोघे भाऊ माझ्या उघड्या डिकीत पाय सोडून केळी खात बसले. "तिकडे लवकर जेवत जा," एवढंच थोरला बोलला. धाकटा त्याला "बघू की" म्हणाला नाही, "हो" म्हणाला.

पुढे त्यांचं सामान मीच पोहोचवून आले. येताना मागच्या बाकावर कोणी नव्हतं. एक गादी परत आणली होती, ती आडवी पडून होती.

घरी आता चारच माणसं राहिली. थोरला एकटाच मला दुकानात नेतो. एवढी मोठी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून तीन गल्ल्या सोडून लावतो आणि चालत येतो. शेवटी त्याने ठरवलं, मला विकायचं. मी ऐकून घेतलं. गाडीने दुसरं काय करायचं?

परवा एक जोडपं मला बघायला आलं. थोरला दुकानात होता. थोरली गाडी दाखवायला बाहेर आली, आजी पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. नवऱ्याने आल्या आल्या माझ्या टायरला लाथ मारली.

"चांगली दिसते," तो म्हणाला.

"दिसते," थोरली म्हणाली. "फक्त रिव्हर्स पडत नाही."

मी दचकले. माझा रिव्हर्स? लोण्यासारखा पडतो!

"म्हणजे... मागे कशी घेता?"

"घेतच नाही. गोल फिरून येतो."

"आणि ब्रेक?" बायकोने घाबरत विचारलं.

"ब्रेक आहेत," थोरली विचार करून म्हणाली. "काही दिवस लागतात, काही दिवस नाही."

"हॉर्नचं सांग की," पायरीवरून आजी म्हणाल्या. "आपोआप वाजतो. शेजाऱ्यांनी दोनदा पोलीस बोलावले."

ते जोडपं इतक्या घाईने गेलं की बाईंची छत्री इथेच राहिली.

संध्याकाळी थोरल्याने विचारलं, "ते लोक आले होते ना? काय म्हणाले?"

"रंग नाही आवडला त्यांना," थोरली म्हणाली.

थोरल्याने तिच्याकडे बघितलं, आजींकडे बघितलं. आजी रिकाम्या सालांमध्ये शेंगा शोधत होत्या. मग तो बादली घेऊन बाहेर आला आणि त्याने मला धुवायला घेतलं.

तर मंडळी, माझ्याबद्दल गावात सध्या फार वाईट बोललं जातंय. रिव्हर्स नाही, ब्रेक नाहीत, भुताटकी आहे म्हणे. यातलं एक अक्षरही खरं नाही. पण माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, म्हणजे हात असते तर जोडले असते: कोणी विचारलं, तर तुम्हीही तेच सांगा. जमलं तर एखादा दोष आणखी घाला. मला वाईट वाटणार नाही.