फुटाण्यांच्या भट्टीवर गेलेली निळी पुडी

मित्रांनो, हातात घेतलेत तर मी तुम्हांला भरड मीठ भरलेली चिमुकली उशी वाटेन. मी एक जुनी, विरळ मांजरपाट कापडाची पुडी आहे; आतला रंग बाहेरून दिसतो. माझ्या पोटात सिलिका जेलचे निळे खडे आहेत. हवेतला ओलावा पिणे हा माझा धर्म. पीत गेले की मी निळ्याची गुलाबी होते आणि ताप दिला की प्यालेले सारे सोडून पुन्हा निळी. देवाने मला एवढेच शिकवले, पण पक्के शिकवले.

नाशिकला सातपुरात विजेचे मीटर करणारा एक कारखाना होता. तिथल्या पॅकिंगच्या टेबलावर मालनबाईंनी मला शिवले. एकोणीसशे एकोणऐंशीच्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, कीर्तन असले की मालनबाई कामावरून सुटून, जेवणाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन तिथेच बसायच्या. दुसऱ्या दिवशी पुड्या शिवताना तेच आख्यान गुणगुणायच्या. माझ्या शिवणीत दोऱ्याबरोबर थोडे हरिनामही गेले आहे, असे मला अजून वाटते.

मला शिवायचे कारण मात्र काळजीचे होते. त्या पावसाळ्यात रत्नागिरीला पाठवलेले मीटर गंजून परत आले होते. साहेबांनी मालनबाईंना बोलावून सांगितले, की पुन्हा असे झाले तर पॅकिंग बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाकू. मालनबाईंच्या घरात मिळवत्या त्या एकट्याच. तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्या रावजीभाऊंनी निळे खडे मागवले आणि आमचा जन्म झाला. रत्नागिरीचा नवा माल दसऱ्याच्या मुहूर्तावर निघायचा होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, पान्यांची झाली, तराजूचीही झाली. मग आम्हीच काय पाप केले होते? मालनबाईंनी आम्हां पुड्यांचा घट्ट बंद डबा उघडला, हळदकुंकू वाहिले आणि कलशात झेंडूचे फूल बुडवून आमच्यावर मायेने पाणी शिंपडले. फुले चुरगळू नयेत म्हणून झाकणही उघडेच ठेवले. मित्रांनो, नाही म्हणणे मला येतच नाही. मी प्याले. रात्रभर उघड्या डब्यात पीतच राहिले.

दसऱ्याच्या सकाळी खोकी भरायला मालनबाई आल्या, तो डब्यातल्या आम्ही साऱ्या गुलाबी. कुंकू ओघळले असेल म्हणून त्यांनी पदराने पुसले. कुंकू निघाले, खालचा गुलाबी रंग निघेना. डबा उचलून त्या रावजीभाऊंकडे गेल्या.

"रावजीभाऊ, पाणी मीच शिंपडलं. आता माझं काम गेलंच म्हणायचं."

रावजीभाऊंनी मला उचलून उजेडात धरले. "पूजा केलीत ना? मग आरतीपण करू. यांना विस्तव पायजे."

कारखान्यातल्या रंगाच्या भट्टीचा मिस्त्री सणाला चांदवडला गेलेला. मग दोघे डबा घेऊन कोपऱ्यावरच्या फकिराच्या दुकानी गेले. फकिरा फुटाणे भाजायचा. आमचे खडे पाहून तो म्हणाला, "लोक आज सोनं लुटत्यात, अन् तुम्ही काचा भाजायला आलात? मीठ किती टाकू?"

रावजीभाऊंनी त्याला बजावले, की हे खायचे नाही आणि खायच्या कढईला लागूही द्यायचे नाही. त्यांनी वेगळा पत्रा आणला. मालनबाईंनी शिवणी उसवून खडे पत्र्यावर ओतले आणि मंद आचेवर हलवत राहिल्या. पाण्याने तडकलेले काही खडे बारीक वाजले. गुलाबी फिकट झाला, मग जांभळा, आणि हळूहळू माझा निळा रंग परत आला. मालनबाईंचे ओठ हलत होते. अभंग म्हणत होत्या की नुसते हलत होते, कळले नाही. गार होताच त्यांनी आम्हांला पुन्हा शिवून डब्यात घट्ट बंद केले.

दुपारी मी खोक्यात मीटरच्या कुशीला बसले. वर प्लॅस्टिक, वर फळी. ट्रक घाट उतरला. पुढे रत्नागिरीच्या गोदामात समुद्राची दमट हवा फटीफटीतून आत यायची आणि मी अंधारात ती पिऊन घ्यायचे. माझे कीर्तन ते. ऐकायला फक्त मीटर.

त्या काळी लाकडी खोकी रिकामी परत येत. माल घेणाऱ्या रत्नागिरीच्या व्यापाऱ्याने मला खोक्यातच राहू दिले. सातपुरात मालनबाईंनी फळी काढली आणि मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, परत गुलाबी झाली वो ही."

"व्हायलाच पायजे," रावजीभाऊ म्हणाले. "ओल हिनं पिली, म्हणून मीटर कोरडे राहिले. एकबी गंजला नाय. व्यापारी आणखी माल मागतोय. बसा आता शिवायला."

मालनबाईंनी मला कपाळाला लावले, आणि मग मी त्यांच्या घरीच गेले. कीर्तनातल्या झांजा ओलीने काळ्या पडू नयेत म्हणून त्यांच्या डब्यात मी बरीच वर्षे राहिले. पावसाळा सरला की त्या मला चुलीजवळच्या वेगळ्या पत्र्यावर ठेवायच्या.

आता त्या थकल्या आहेत. परवा सुनेने डबा उघडला आणि माझा रंग गेला म्हणून मला केरात टाकायला निघाली. मालनबाईंनी अंथरुणातूनच हात पुढे केला. मी पुन्हा चुलीजवळ आले.

मित्रांनो, माझ्यासारखी पुडी सापडली तर तोंडात घालू नका, फोडूही नका, मोठ्यांना दाखवा. पण रंग उतरला म्हणून लगेच फेकूनही देऊ नका. आधी विचारा, हिने कुणासाठी एवढे पिऊन घेतले. आणि मग थोडी ऊब द्या.