मोठ्या जवायाला करंट

वारलूच्या घरी नवा ॲम्प्लिफायर आला आणि दोन जवायांत जुंपली. मोठा जवाई धनराज ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात होता. म्हणजे तिथल्या कँटीनमध्ये भजी तळायचा, पण सासुरवाडीत सांगायचा, "आमी वीज बनवतो." धाकटा सूरज गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावायचा. तो आल्यापासून सासू सुगंधाबाई उठता-बसता त्यालाच विचारायला लागली होती. आपण अजून 'मोठे जवाई' आहोत की नुसते वयानं मोठे, याचा निकाल आज या डब्यावर लागणार, हे धनराजनं ओळखलं.

"द्या इकडं भाऊ. भजे तळाचं काम नोहे हे," सूरज म्हणाला.

"सरक बाजूले. हे जोडाचं काम हाये, फोडाचं नाई."

आणि खरंच, धनराजनं काम चोख केलं. प्लग बाहेर काढून ठेवला. डबा धानाच्या पोत्यावरून उचलून वारा लागेल असा स्टुलावर मांडला. स्पीकरची वायर सोलून तांब्याच्या तारांना पीळ दिला, एकही तार शेजारणीला भिडू दिली नाही. लाल लालमध्ये, काळी काळ्यामध्ये. आवाजाचं बटन शून्यावर. मग प्लग लावला आणि बटन हळूहळू फिरवलं.

धाड्! गाण्यातल्या ढोलाच्या दणक्यानं पत्र्यावरची मांजर अंगणात पडली. धनराजला असा आनंद झाला की डब्यावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून तो थरथर नाचायलाच लागला.

सूरजचा जळफळाट झाला. "अरे बापा! भाऊले करंटनं धरलं!"

त्यानं कुंपणातला वाळला बांबू उपसला. "हात नोका लावू कोनी! वाळल्या लाकडानं हाना लागते!"

"हाना नाई, ढकला लागते," वारलू ओरडला.

"एकच हाये ते मामाजी!"

पहिला बांबू पाठीवर, दुसरा मांडीवर, तिसऱ्याला दात उडाला. सुगंधाबाईनं धावत जाऊन मेन पाडला. गाणं थांबलं, बांबू थांबला नाही.

"करंट नाई! करंट नाई!" धनराज बोंबलला.

"डोक्यात चढला! काईबी बडबडून राह्यले!"

शेजारचा मनसाराम डोंग्याचं वल्हं घेऊन धावला. "ओलं नाई चालत," म्हणून सूरजनं त्याला परत पाठवलं, तर तो मुसळ घेऊन आला. तोवर धनराजनं सूरजच्या कानाचा कडकडून चावा घेतला होता.

"आता याच्यात उतरला!" मनसाराम ओरडला आणि मुसळ सूरजच्या ढुंगणावर बसलं.

सगळे दमले तेव्हा अंगणात रक्त होतं, दात होता आणि अर्धा गाव होता.

"मोठे जवाई," सुगंधाबाईनं विचारलं, "खरं सांगा. करंट होता का नाचून राह्यले होते?"

धनराजनं गर्दीकडे पाहिलं. नाचताना मार खाल्लेला जवाई मेला तरी हसण्यावारीच जाणार.

"करंटच होता," तो फुटक्या तोंडानं म्हणाला. "चारशे चाळीसचा. दुसऱ्याची राख झाली असती. आमाले सवय हाये."

गर्दी गार झाली. सुगंधाबाईनं डोक्यावर पदर घेतला.

तेवढ्यात म्हातारी सुकरी पुढं आली. "मंग अंगात मुरन ना तो! शेनखड्ड्यात पुरा यायले, गळ्यावरी. सारा वढून घेते."

"दवाखान्यात न्या ना वो!" धनराजची बायको दिव्यानी ओरडत राहिली. ऐकतो कोण? चौघांनी मोठ्या जवायाला सन्मानानं उचललं आणि खड्ड्यात उभं केलं. कानाला फडकं बांधून सूरज फावडं घेऊन आला. शेण छातीपर्यंत आलं तेव्हा वाकून हळूच म्हणाला, "भाऊ, नाचून राह्यलो होतो म्हना. आत्ता काढतो वरते."

माश्या नाकावर बसल्या होत्या. काठावर सासू हात जोडून उभी होती.

"टाक," धनराज म्हणाला. "खांद्यापाशी कमी पडून राह्यलं."