बाबांची धून, पायांसकट

फिडलवाल्याला बूट काढून वाजवायला लावणं हा गुन्हा नसेल, पण असायला हवा. निदान आमच्या सेटेसदाल खोऱ्यात तरी.

आमच्या वादक मंडळाने पहिल्यांदाच स्वतः रेकॉर्डिंग करायचं ठरवलं ते माझ्या बाबांसाठी. ताराल्ड त्यांचं नाव. त्यांच्या आईकडून आलेला एक गांगार, म्हणजे जोडीने नाचायची धून, खोऱ्यात आता त्यांनाच तेवढी येते. आणि त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, वाजवून घ्यायचं ते या हिवाळ्यात घ्या.

सामान निवडायचं काम आयविंदने अंगावर घेतलं. हा शाळेत गणित शिकवतो आणि एखाद्या गोष्टीवर चार पानं वाचली की ती जन्मभर केल्यासारखी सांगतो. मी म्हटलं होतं, "अरे, सगळी खोली ऐकतील असे दोन चांगले माइक घे, आणि एक साधासा प्रीॲम्प. नवशिक्यांना बास झालं."

"गुनवोर, खोली ऐकायची तर खुर्च्यांची करकर आली, कपबशा आल्या. मला नुसतं फिडल हवंय."

म्हणून त्याने फिडललाच चिमट्याने लावायचा बोटभर माइक आणला आणि त्याचा आवाज वाढवायला हे एवढं प्रीॲम्पचं धूड. लांबचे दोन माइकही आणले, पण टाळ्यांसाठी म्हणे! ते खोक्यातच राहिले.

कुणी ब्र काढला नाही. आमच्याकडे गावासाठी फुकट राबण्याला दुग्नाद म्हणतात आणि दुग्नाद करणाऱ्याला नावं ठेवायची नसतात. तो छप्पर उलटं बसवेल, तरी आम्ही त्याला कॉफी पाजून आभार मानू.

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात जमलो. आयविंदने तो चिमटा फिडलच्या शिंपल्याच्या नक्षीवरच दाबला. मी हात पुढे केला, पण बाबा आपले "बरं, बरं" म्हणाले. नुसता गज हळू फिरवून त्यांनी आवाज दिला, त्या हळू आवाजाच्या मापाने आयविंदने प्रीॲम्पचं बटण पिळून वर चढवलं. मग बाबांनी खरी सुरुवात केली, दोन्ही पाय आपटत, आमच्याकडे वाजवतात तशी. आवाज फाटतोय असं सांगणारा प्रीॲम्पवरचा लाल दिवा भक्कन पेटला.

"थांबा, थांबा! ताराल्ड, पाय आपटू नका."

"मग ताल कुठून येणार?"

"मनात ठेवा की."

मनात! ताल काय खिशातला रुमाल आहे, ठेवला आणि झालं? पण बाबांनी मुकाट्याने बूट काढले. त्यांच्या पायाखाली घडी घालून गालिचा आला. नाचायला आलेल्या जोड्यांना भिंतीकडेला बसवलं. आमची आस्ने म्हातारी ओरडली, "नाचायचं नाही, तर मी काय वाफल खायला आले होय?" तिला सगळ्यांनी गप्प केलं.

बाबा मोज्यांत वाजवू लागले. दुसऱ्या वळणाशी धून चुकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच. मग त्यांनी गज मांडीवर ठेवला.

"गेली गं," ते मला म्हणाले. "हातातून गेली."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"हरकत नाही, ताराल्ड," आयविंद म्हणाला. "आवाज मात्र काचेसारखा स्वच्छ आलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वच्छ? अरे, जीव काढून घेतलास आणि वर मढं धुतलं म्हणून सांगतोस? पाय तोडून गांगार होतो का?"

"गुनवोर, दुग्नाद आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"खड्ड्यात गेला दुग्नाद!"

असं त्या सभागृहात कधी कुणी बोललं नसेल. मी चिमटा काढला, गालिचा ओढून फेकला, खोक्यातले माइक काढले. स्टँड जमिनीवर ठेवला तर हादरा त्यातूनच चढणार, म्हणून शिडी लावून ते तुळईला टांगले आणि प्रीॲम्पला जोडले.

"आस्ने, ऊठ. सगळेच उठा. आपटा पाय, जेवढे आपटता येतील तेवढे!"

त्या दणदणाटावर लाल दिवा विझेपर्यंत मी बटण मागे घेतलं.

"फिडल फार बारीक येईल," आयविंद म्हणाला.

"बारीक आलेलं नंतर वाढवता येईल. फाटलेला आवाज कशाने शिवणार आहेस?"

बाबांच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या. त्यांनी फिडल पुन्हा उचललं. पहिला पाय पडला आणि मला कळलं, धून कुठेही गेली नव्हती. जोड्या फिरू लागल्या. दुसरं वळण आलं आणि गज त्यावरून सरळ निघून गेला. मला हुंदका आला, तो मी दोन्ही हातांनी तोंडात दाबला.

तिसऱ्या वळणावर त्यांचा डावा हात गोठला. बोटं हलेचनात. गज थांबला.

पाय थांबले नाहीत. बाबांनी फिडल छातीशी धरलं आणि ते उरलेली धून तोंडाने म्हणायला लागले, "दिली दाम, दिली दाम," घोगऱ्या, फाटक्या आवाजात. एकही जोडी थांबली नाही.

आयविंदचा हात रेकॉर्डिंग बंद करायला पुढे आला. मी त्याचं मनगट पकडलं.

"अगं, फिडल थांबलंय," तो कुजबुजला.

"गांगार चालू आहे," मी म्हटलं आणि बाबा शेवटापर्यंत पोचेपर्यंत ते मनगट सोडलं नाही.