बाळांच्या स्पर्धेतले गव्हर्नर

राज्याच्या जत्रेत गुरांच्या तंबूला लागूनच सुदृढ बाळांची स्पर्धा होती. माझ्या विनिफ्रेडचा पहिला नंबर आला आणि तिला फीत लावायला खुद्द गव्हर्नर स्ट्राउड आले. गवळ्याचा मुलगा, मग वकील, मग गव्हर्नर. आता त्यांना सिनेटमध्ये, देशाच्या वरच्या सभागृहात, जायचं होतं. दूध तपासणीचा कायदा त्यांच्या सहीवाचून अडला होता. माझा पहिला मुलगा डेअरीच्या नासक्या दुधानं गेला, म्हणून ती सही मागायलाच मी विनिफ्रेडला स्पर्धेत उतरवलं होतं.

त्यांनी विनिफ्रेडला उचललं. "काय ठमाबाई, खाता तरी काय?"

"माझंच दूध पिते, साहेब. बाहेरचं पाजायला हात धजत नाही. सही करणार ना तुम्ही?"

ते माझ्याकडे नाही, गर्दीकडे बघून बोलले. "अहो बाई, मी गोठ्यात, बिनतपासणीच्या दुधावर वाढलो. मला काय धाड भरलीय?"

गर्दीतले डेअरीवाले खदखदून हसले. गव्हर्नरांच्या मिशा ओढत विनिफ्रेडही खिदळली. तोच फोटो पेपरात आला, खाली छापलं होतं, 'आयांचा कैवारी'.

सही झाली नाही. नोव्हेंबरात ते निवडून आले. माझ्या नवऱ्यानंही त्यांनाच मत दिलं. आम्हा बायकांना तेव्हा मताचा हक्क नव्हताच.