खाचांची फरशी

नर्स आणि ग्रंथपालबाई नऊ वर्षं एका घरात राहत होत्या. चहाच्या गाळणीवरूनसुद्धा वाद घातल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. त्यामुळे फरशीच्या दुकानात नर्स तिसऱ्यांदा "तुला आवडेल ती घे गं" म्हणाली, तेव्हा ग्रंथपालबाईंना कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. ही घर सोडणार तर नाही ना?

सरळ विचारलं असतं, तर नर्सनं हसण्यावारी नेलं असतं. म्हणून त्यांनी मुद्दाम खोल खाचांची, खडबडीत फरशी उचलली. घरातली बटणंसुद्धा स्पिरिटनं पुसणारी ही बाई. असल्या खाचांत मळ अडकेल या विचारानंच तिला झोप लागली नसती.

"ही स्वयंपाकघरात टाकू या?"

"टाक की. छान आहे."

"खाचा बघितल्यास?"

"बघितल्या. बरंय, पाय घसरणार नाही तुझा."

तुझा. आपला नाही.

ग्रंथपालबाईंनी फरशी हळूच खाली ठेवली. "कधी जाणार आहेस?"

नर्सचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच. आत्ता."

"बदली झालीये गं. पुढच्या महिन्यात जायचंय. तू इतक्या हौसेनं फरशी बघत होतीस, बोलायचा धीरच होईना."

ग्रंथपालबाईंनी दुकानदाराला "नंतर येतो" म्हणून सांगितलं आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडल्या. पायरीवर मात्र तिच्यासाठी थांबल्या.