डायनासोरच्या शेजारी बाबांचं नाव

तेल कंपनीने नव्या माहिती-दालनाला बाबांचं नाव द्यायचं ठरवलं, ही केवढी कृतज्ञता! हयात असताना या भूगर्भशास्त्रज्ञाला जिन्याखालची खोली दिली होती आणि तीनदा मागूनही नवा मायक्रोस्कोप दिला नव्हता. पण मेलेला माणूस काही मागत नाही, त्यामुळे त्याचा गौरव करणं सोपं जातं.

उद्घाटनाच्या तासभर आधी लेक आईला घेऊन पोचली. दारावर पितळी पाटी होती. आईने बाबांच्या नावावरून रुमाल फिरवला. पाटी स्वच्छच होती. गेला महिनाभर आई या पाटीच्याच आशेवर दोन घास खात होती.

आत भिंतभर चित्र होतं. एक हिरवा डायनासोर समुद्रात कोसळतो, वितळतो आणि पलीकडच्या टोकाला तेल होऊन पिंपात पडतो. वितळतानाही चेहऱ्यावर समाधान.

बाबा तीस वर्षं याच थापेशी भांडले होते.

"साहेब, हे चूक आहे," ती जनसंपर्क अधिकाऱ्याला म्हणाली.

"चूक कसली, ताई? मुलांना डायनासोर आवडतो."

"आइस्क्रीमही आवडतं. तेल त्याचं झालं म्हणून सांगाल?"

"अध्यक्षांच्या सूनबाईंनी रंगवलंय," त्याने आवाज खाली आणला. भूगर्भशास्त्रात याहून भक्कम पुरावा नसावा. "आणि तुमचे बाबा तेल ज्यांचं झालं म्हणायचे, ते जंतू डोळ्यांना दिसत तरी होते का?"

पाटी उतरवा, हे शब्द लेकीच्या ओठांवर होते. पण आईच्या देखत?

"जंतू नाहीत हो," आईच बोलली. "समुद्रात तरंगणारे बारीक जीव. मेले की तळाच्या चिखलात बसतात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून धड कुजत नाहीत. वर गाळाचे थर चढतात, खालून मंद आच. आच फार वाढली तर नुसता वायू होतो, बेताची राहिली तर लाखो वर्षांनी तेल सुटतं, खडकाच्या भोकाभोकांतून वर सरकतं. वर घट्ट खडकाचं झाकण असलं तर थांबतं, नाहीतर गेलं वाहून."

अधिकारी बघतच राहिला. लेकसुद्धा. जेवताना बाबांचं व्याख्यान चालायचं आणि आई मधेच 'भाजी घ्या' म्हणायची. ती ऐकते, असं बाप-लेकीला कधी वाटलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला तर सगळं पाठ!"

"तीस वर्षं दुसरं बोललेच नाहीत ते. हा प्राणी पुसा, नाहीतर पाटी काढा."

"आई, तुला हवी होती ना गं?"

"हवी होती. अजून हवीये. पण ह्याच्या शेजारी नको. रोज भांडतील."

"गेलेलं माणूस कुठलं भांडतंय, वहिनी?"

"तुमचा त्यांच्याशी फारसा संबंध आला नाही वाटतं."

अधिकाऱ्याने फोन लावला. सूनबाई की मयत कर्मचारी, या पेचाने अध्यक्षांचं जवळजवळ अर्धं मिनिट घेतलं. मग पाटीचे चार स्क्रू निघाले. दालन बिननावाचं राहिलं नाही. अध्यक्षांच्या वडिलांचं नाव ताबडतोब सुचलं. त्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांची कशालाच हरकत नव्हती.

परतताना बसमध्ये आईने पाटी मांडीवर घेतली. प्रत्येक खड्ड्याला तिची कड गुडघ्यावर आपटत होती.

"जड आहे, दे इकडे," लेक म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ती धरून बसली.